सकाळी पहिल्या सेल्फला निळसर धूर: ओलावा की इंजिन?

पाखाडी
नमस्कार मंडळी. गाडी 2012 ची, 1.2 पेट्रोल, चार सिलिंडर, 96 हजार किलोमीटर झालेत. घर गुहागर आणि हेदवीच्या मध्ये, समुद्र हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून दोनदा चिपळूणला जाणं होतं, बाकीचे दिवस गाडी माडांखाली उभी. गेला महिनाभर सकाळी पहिला सेल्फ मारला की सायलेन्सरमधून धुराचा एक मोठा लोट बाहेर पडतो. पांढरा म्हणावा तर कडेला निळसर झाक दिसते. अर्ध्या मिनिटात सगळं साफ, मग दिवसभर काही नाही.

दोन मेकॅनिक झाले. पहिला गाडीला हात न लावता म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल, 45 हजार धरून चाला." दुसरा म्हणाला, "थंडीचे दिवस आहेत, ओलावा आहे, विसरून जा." वडिलांना दर महिन्याला तपासणीला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी वाटेत अडून चालणार नाही. आणि 45 हजार काही झाडाला लागत नाहीत. धूर बघून घरच्या घरी नेमकं कसं ओळखायचं?

करवंद
ओलावाच. आमच्या वाडीत जानेवारीत सगळ्याच गाड्या धुरतात.

सुरंगी
निदान डास तरी पळतात का? पळत असतील तर महिनाभर दुरुस्त करू नका, तुमच्याकडच्या माडांखालचे डास मला माहीत आहेत.

मालवणी_माणूस
रंग बघून कळाचा नाय. आधी वास घेवक व्हयो.

रसायनवाला
शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून ओलाव्याचा हिशेब मांडतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. पेट्रोलमधला एक घटक ऑक्टेन घ्या. त्याचे 114 ग्रॅम पूर्ण जळले तर 162 ग्रॅम पाणी होतं. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलंत की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. सायलेन्सर गरम असेल तर ती वाफ दिसत नाही. सकाळी तो गार असतो, म्हणून वाफ आतच थिजते, थोडी थेंबांनी गळते, थोडी ढगासारखी बाहेर येते. हे इंजिनाचं दुखणं नाही.

पण ही वाफ अर्ध्या मिनिटात सहसा थांबत नाही. पाईप तापेपर्यंत दोन-पाच मिनिटं येत राहते, हळूहळू विरळ होत जाते. तुमचा धूर एकदम येतो आणि एकदम थांबतो. मला तिथे शंका वाटते.

तांडेल_मिरकरवाडा
रसायनवाल्या सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी बोटींची इंजिनं करतो, गेली 30 वर्षं. गाड्याही करतो, पण हात बोटीवर बसलाय. पाखाडी, रंग बाजूला ठेवा आणि चार गोष्टी बघून सांगा.

धूर नेमका कधी येतो? रात्रभर उभी राहिल्यावरच, की दुपारी दोन तास थांबल्यावरही? चालत्या गाडीत येतो का? तो कोणीतरी मागून बघायला हवा, आरशात कळत नाही.

वास कसला? वाफेला वास जवळजवळ नसतो. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी, जळत असेल तर गोडसर वास येतो. ऑइल जळालं तर कढईत तेल करपल्यासारखा, घशात बसणारा.

धूर हवेत किती वेळ राहतो? वाफ हातभर वर जाते न जाते तोच विरते. ऑइलचा धूर रेंगाळतो, अंगणात तरंगत राहतो. आणि तो आकाशाकडे बघून ठरवू नका, सकाळच्या उन्हात वाफसुद्धा निळी दिसते. गाडीची शेपटी चिऱ्याच्या गडग्याकडे किंवा गर्द झाडीकडे करा. मागे काळोख असला की खरा रंग कळतो.

शेवटचं, ऑइल आणि कुलंट. रोज सकाळी गाडी गार असताना, एकाच सपाट जागी, डिपस्टिक पुसून घालून काढायची आणि पातळी वहीत लिहायची. कुलंटच्या डब्यावर मार्करने रेघ मारा. रेडिएटरचं झाकण गरम गाडीत उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, अंगावर उडतं. दहा दिवसांनी वही बोलेल.

करवंद
एवढं सगळं एका धुरासाठी?

तांडेल_मिरकरवाडा
45 हजारांसाठी, हो.

वाशिष्ठी
मी चिपळूणची. पांढऱ्या धुराचं एक कारण इथे कोणी लिहिलं नाही, आणि ते मी विसरू शकत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात आमची गाडी बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर दारात चिखलाने भरलेली गाडी बघून माझा मोठा भाऊ थेट चावी लावायला निघाला होता. शेजारच्या काकांनी त्याचा हात धरला. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचं जातं. काकांनी स्पार्क प्लग काढून हाताने इंजिन फिरवलं. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. खालून ऑइल सोडलं तर ते दूध जास्त झालेल्या चहासारखं! तीन वेळा ऑइल बदललं. सुरू झाल्यावर दोन दिवस सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, कारण सायलेन्सरच्या डब्यात पाणी साठलेलं होतं. मग थांबला. तीच गाडी आजही चालवतेय.

तेव्हा पांढरा धूर दिसला की आधी विचारायचं, गाडी पाण्यातून गेली होती का?

घाटवळण
धाग्यात घुसतो, माफ करा. आंबोलीला राहतो. 2011 ची डिझेल. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर उठते, खडखडते, पांढरा धूर इतका की शेजारचं घर दिसत नाही, डोळे चुरचुरतात. दोन मिनिटांनी एकदम शहाण्यासारखी चालते. माझं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेलं का?

चिरेबंदी
घाटवळण, डोळे चुरचुरतात हीच खूण. ते न जळलेलं डिझेल आहे. डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबून ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. गार इंजिनात लोखंडच उष्णता खाऊन टाकतं, म्हणून सुरुवातीला हीटर प्लग मदतीला असतात. त्यातले एक-दोन मेले की तेवढे सिलिंडर पेटत नाहीत, कच्चं डिझेल धूर होऊन बाहेर येतं. चावी फिरवल्यावर मीटरवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबता का? ते करूनही तसंच असेल तर प्लगची वायर काढून मल्टीमीटर लावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही.

हीटर प्लग ठीक निघाले तर मग डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, याकडे वळा.

घाटवळण
आज बघून घेतले. चारातले दोन मेलेले! आंबोलीच्या थंडीत आणि धुक्यात दोन सिलिंडरवर बिचारी उठत होती. उद्या चारही बदलतो. मनापासून आभार.

शेवंता_देवरूख
मी बायकांच्या वतीने एक सांगते, कारण माझी भीती दाखवून फसवणूक होता होता राहिली. घर ते शाळा दोन किलोमीटर, रोज तेवढंच. एके दिवशी ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय! वर सकाळी पांढरा धूर. मेकॅनिकने ते झाकण माझ्या नाकासमोर धरून सांगितलं, "मॅडम, गॅसकेट उडाली, पाणी ऑइलमध्ये शिरलंय, हेड उतरवायला लागेल." पोटात गोळा आला. पण कुलंट बघितलं तर टिपूसभर कमी नाही. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ, मधाच्या रंगाचं.

मामा म्हणाले, "आधी जरा लांब फिरवून आण." साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले आणि आले. घरी येऊन झाकण पुसलं, ते आजतागायत कोरडं आहे. दोन किलोमीटरात इंजिन तापतच नव्हतं, आतला ओलावा झाकणाला चिकटून ऑइलबरोबर घुसळला जात होता. आता रविवारी एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवते.

तांडेल_मिरकरवाडा
ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसत्या झाकणावरच्या सायीवरून हेड उतरवणारे खूप आहेत. गॅसकेट गेली असेल तर कुलंट कमी होतच राहतं, डब्यात बुडबुडे येतात, गाडी तापते, डिपस्टिकवरही दुधाळपणा दिसतो. यातलं काहीच नसेल तर पान्याला हात लावायचा नाही.

करवंद
मला वाटतं हे सगळं इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे आहे. 20 टक्के इथेनॉल आल्यापासून माझी गाडीही जास्त धुरते.

रसायनवाला
करवंद, इथेनॉल जळूनही पाणीच होतं, त्यामुळे वाफ दिसेल, ते मान्य. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषतं, म्हणून आपल्या दमट हवेत अर्धी टाकी महिनोन्महिने पडून ठेवू नये हेही खरं. 2012 च्या गाडीच्या रबरी नळ्या त्या प्रमाणासाठी बनलेल्या नव्हत्या, त्या तपासत राहाव्यात. पण निळा धूर इथेनॉलमुळे येत नाही. निळा म्हणजे ऑइल.

खाडीकाठ
ऑइल बदलून जाड भरा, 20W-50. धूर बंद. 400 रुपयांचा प्रश्न.

चिरेबंदी
खाडीकाठ, याला माझा ठाम विरोध. धूर कमी दिसेल, पण ज्या इंजिनाला पातळ ऑइल सांगितलंय त्यात गार असताना जाड ऑइल वरपर्यंत वेळेत पोचत नाही. पहिल्या सेल्फचीच झीज वाढते. जुन्या गाड्या विकणारे हाच उपाय करतात, पंधरा दिवस निघावेत म्हणून.

मी स्वतः त्यात अडकलोय. पुण्याहून सेकंडहँड गाडी आणली. बघायला गेलो तेव्हा मालकाने आधीच सुरू करून ठेवली होती. "तुम्ही येताय म्हणून एसी लावून ठेवला," म्हणाला. मला तो आदर वाटला. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी निळा लोट! आता कोणीही गाडी बघायला निघालं की सांगतो, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागली तर "उद्या सकाळी येतो" म्हणून परत फिरा.

सुरंगी
आमची पीयूसी गेल्याच महिन्यात पास झाली, म्हणजे धुराचं काही नाही असं समजायचं ना?

चिरेबंदी
नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि तेही तापलेल्या इंजिनावर. सकाळच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा धूर तिथे कोण बघणार?

वाशिष्ठी
कार्बन मोनॉक्साइडवरून आठवलं, कळकळीने सांगते. धूर बघायचा म्हणून पावसात किंवा थंडीत बंद शेडमध्ये, दार लावून गाडी चालू ठेवू नका. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपल्यासारखा जातो. गाडी आधी अंगणात काढा, मग धूर बघा.

पाखाडी
सगळ्यांचे आभार. अकरा दिवस वही लिहिली, आता सांगतो.

कुलंट रेघेवर जसंच्या तसं. झाकणाखाली साय नाही. ऑइल वरच्या खुणेपासून जवळपास बोटभर खाली आलं. धूर रात्रभर उभी राहिली तरच मोठा. दुपारी तीन तासांनी अगदी किंचित. गडग्यासमोर उभी केली आणि निळा रंग स्पष्ट दिसला. अंगणात रेंगाळला, आईने आतून विचारलं, "काय करपलं रे?" वास तोच.

आणखी एक केलं. पांढरा कोरा कागद पाईपपासून वीतभर अंतरावर धरला. पाण्याचे थेंब पडले, ते वाळल्यावर मधोमध भज्यांच्या कागदासारखे तेलकट डाग राहिले, उजेडात धरले तर आरपार दिसतात.

भाऊ बाईकवरून मागे आला होता. सपाटीला आणि चढाला धूर नाही. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली आल्यावर परत रेस दिली, तेव्हा निळा पुसट झोत आला म्हणाला.

तांडेल_मिरकरवाडा
शाब्बास! मेकॅनिकला जे सांगता आलं नाही ते तुमच्या वहीने सांगितलं. हे व्हॉल्व्ह सील आहेत, रिंगा नव्हेत.

का ते सांगतो. व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची छोटी टोपी असते, वरचं ऑइल खाली सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं. रात्रभर ऑइल थेंब थेंब झिरपून व्हॉल्व्हच्या पाठीवर साठतं, सकाळी पहिल्या फेऱ्यांत जळून जातं. म्हणून लोट येतो आणि थांबतो. उतारावर पाय काढला की इंजिन आतून जोरात ओढतं, तेव्हाही तिथूनच ऑइल खेचलं जातं. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, वजन घेताना, सतत धूर दिसला असता.

गाडी उतारावर उभी करता का?

पाखाडी
हो! आमचं अंगण पायऱ्यापायऱ्यांचं आहे, गाडी खालच्या पायरीला तोंड खाली करून असते.

तांडेल_मिरकरवाडा
मग हेडमधलं ऑइल एका अंगाला साचून राहतं, त्या बाजूच्या सीलवर जास्त बसतं. सपाटीला लावून बघा, लोट कमी होईल. बरा होणार नाही, कमी होईल.

खर्च करण्याआधी दोन कामं. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढू देणारी झडप, काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. तो अडकलेला असला तरी इंजिन ऑइल ओढतं, आणि तो भाग स्वस्तातला. दुसरं, कॉम्प्रेशन बघून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा कमी निघाला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजायचं. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

आणि "थोडंच ऑइल जातंय" म्हणून वर्षभर ढकलू नका. जळलेलं ऑइल स्पार्क प्लगवर बसतं, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. तो बदलायचा झाला तर सीलचा खर्च किरकोळ वाटेल.

करवंद
रिंगा नाहीत म्हटलं तरी सील बदलायला हेड उतरवावंच लागेल ना? मग 45 काय आणि 30 काय.

तांडेल_मिरकरवाडा
हेड उतरवावं लागत नाही. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, म्हणजे कॅमशाफ्ट, काढल्या की वरूनच होतं. अडचण एकच. स्प्रिंग सोडवली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो. काही जण प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरतात. आमच्याकडे बंदरात जुनी रीत आहे, नायलॉनची दोरी. पिस्टन थोडा खाली घ्यायचा, भोकातून दोरी आत सारायची, मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी आत दाबली जाते आणि खालून व्हॉल्व्हला उशीसारखा टेकू मिळतो. जाळ्याची दोरी घराघरात असते, कंप्रेसर नसतो.

मालवणी_माणूस
ह्या वाचून मन भरला. जाळ्याची दोरी गाडीच्या पोटात!

पाखाडी
तीन आठवड्यांनी येतोय, काम झालं.

पीसीव्ही ठीक निघाला. रत्नागिरीत कॉम्प्रेशन मोजलं: 165, 160, 165, 160. मोजणारा मेकॅनिकच म्हणाला, "या इंजिनाला उतरवायचं कशाला?" सील त्यानेच बदलले, दोरी वापरून. मी दिवसभर शेजारी बसून होतो. टायमिंगच्या खुणा पांढऱ्या रंगाने करून घेतल्या, मग कॅमशाफ्ट उतरवल्या. एकूण 16 सील. जुना सील मी हातात घेतला, नखाने दाबला तर दबेना, वाळलेल्या आठळीसारखा टणक, आतली कड तडकलेली. नवा दोन बोटांत दाबला की चेपून परत फुलतो. एवढाशा वाटाण्याएवढ्या रबरापायी इंजिन उतरवायला निघालो होतो.

सील, कव्हरचं गॅसकेट, ऑइल, फिल्टर, मजुरी धरून 8,400 रुपये. परवा आणि आज सकाळी कागद धरला. थेंब पडले, वाळले, डाग नाही. वाफ मात्र येते, तीन-चार मिनिटं, आणि ती येणारच हे आता माहीत आहे. वडील काल चिपळूणला तपासून आले.

करवंद
अभिनंदन. मी ओलावा म्हणालो होतो, चुकलो. उद्या माझ्या गाडीलाही कागद लावतो.

घाटवळण
तांडेल, दोरी किती जाडीची? आमच्या भावाच्या गाडीला हेच करायचंय.

तांडेल_मिरकरवाडा
6 मिलिमीटर पुरते, तंतू सुटणारी नको. आत सारायच्या टोकाला मेणबत्तीवर वितळवून घ्या आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारा. आत गेलेली दोरी परत बाहेर काढायची आहे.